ठिगळाची कड

उन्हाळा लागला की गावोगाव गोधड्या धुवायला निघतात. अशी एखादी जुनी गोधडी वाळली म्हणजे मांडीवर घेऊन नीट पाहा. कापडच विरून गेले असेल तर गोष्ट वेगळी. पण धडधाकट ठिगळ जेव्हा सुटते, तेव्हा ते बहुधा कडेने सुटते. आधी दोन धागे बाहेर डोकावतात, पुढच्या धुण्याला बोटभर उसवते, आणि मग एखाद्या रात्री पोराच्या पायाचा अंगठा नेमका त्यात अडकतो. सकाळी ठिगळ लोंबत असते. आपण म्हणतो, कापडच टाकाऊ होते. पण पुष्कळदा कापड बरे असते. कड मोडताना घाई झालेली असते.

कड मोडून कापडावर कापड लावणे हे काम आपल्याला नवे नाही. शिवणाच्या वर्गात त्याला ॲप्लिक म्हणतात. ओडिशातल्या पिपिली गावचे कारागीर जगन्नाथाच्या रथयात्रेसाठी याच कामाने छत्र्या आणि चांदवे सजवतात. आपल्या घरची आजी त्याला नुसते ‘ठिगळ लावणे’ म्हणते. प्रश्न सगळ्यांपुढे एकच असतो: कापलेली कड आत कशी घालावी? हल्ली त्यासाठी बाजारात नाना साधने मिळतात. कोणत्या कामाला कोणती रीत बरी, आणि खरोखर विकत काय घ्यावे लागते, ते आज पाहू.

आधी कारण समजून घेऊ. कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची वीण. कात्री लागली की तिथले धागे मोकळे होतात आणि सुटू लागतात. कड दुमडली की ही मोकळी टोके ठिगळाच्या पोटात जातात. दुमडण्यासाठी जे जास्तीचे कापड ठेवायचे, त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. सुती कापडाला पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर माया पुरे. फार कमी ठेवली तर टाक्यातून धागे निसटतात. फार जास्त ठेवली तर गोलाईवर चुण्या पडतात.

आता एक प्रयोग करा. सुती कापडावर पत्त्यातल्या बदामासारखे चार आकार खडूने काढा आणि भोवती माया सोडून कापा. बदामच का? कारण त्यात गोलाई आहे, टोक आहे आणि वरची खाच आहे. या तिन्ही अडचणी ज्याला सोडवता आल्या, त्याला कोणतेही ठिगळ अवघड नाही. हे चार बदाम चार रीतींनी लावा.

पहिली रीत, सुईने मोडत जाणे. बदाम खालच्या कापडावर ठेवून मधोमध टाचून घ्या. सुईच्या टोकाने इंचभर कड खडूच्या रेघेपर्यंत आत ढकला, डाव्या अंगठ्याने दाबून धरा आणि तेवढीच शिवा. मग पुढचा इंच. कड ऐकेना, तर दात कोरायची काडी किंचित ओली करून तिने ढकला. लाकूड कापडाला धरते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. त्या कोपऱ्यापासून सुरू करून काठाकाठाने फिरत मध्याकडे येतात, आणि प्रत्येक तुकड्याची कड शिवता शिवताच मोडतात. साचा नाही, इस्त्री नाही. साधन सगळ्यांत कमी, पण सराव सगळ्यांत जास्त, अशी ही रीत आहे. पहिला बदाम वेडावाकडा आला तर खट्टू होऊ नका.

दुसरी रीत, कच्चा टाका. ठिगळ हातात घेऊन सगळी कड आधी मोडा आणि लांब लांब कच्चे टाके घाला. मग ते कापडावर ठेवून पक्के शिवा आणि कच्चा दोरा ओढून काढा. काम दुप्पट होते हे खरे. पण पक्के करण्याआधी आकार डोळ्यांना दिसतो, आणि चूक तिथल्या तिथे सुधारता येते.

तिसरी रीत, पुठ्ठा, कांजी आणि इस्त्री. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून माया न धरता नेमका बदाम कापा. तो ठिगळाच्या उलट बाजूवर ठेवा, मायेला बोटाने कांजी लावा आणि इस्त्रीच्या टोकाने माया पुठ्ठ्यावर वळवून वाळेपर्यंत दाबा. मग पुठ्ठा काढून घ्या. दहा फुले अगदी सारखी हवी असतील तर यासारखी रीत नाही. मात्र साचा प्लॅस्टिकचा नको, तो इस्त्रीने वितळेल. काम झाल्यावर कांजी धुऊन टाका, नाहीतर पेटीत कसर लागते.

चौथी रीत, कागद आत ठेवणे. वहीच्या पुठ्ठ्यापेक्षा पातळ असा कागदाचा बदाम घ्या, त्यावर माया वळवून कागदासकट कच्चे टाके घाला आणि मग कापडावर शिवा. शेवटचा इंच उरला की कच्चे टाके काढून कागद ओढून घ्या आणि तोंड बंद करा. पक्के टाके कागदात अडकू देऊ नका. चौकोन आणि षटकोन यांसारख्या सरळ बाजूंच्या आकारांना ही रीत फार सोयीची.

रीत कोणतीही असो, तीन जागा जपायच्या. गोलाईला कात्री लावू नका. माया थोडी कमी करा, तिच्यात बारीक धावदोरा घाला आणि हलकेच ओढा, म्हणजे कड आपोआप वळते. टोकाशी आधी टोक आत घाला, जास्तीचे कापड छाटा, मग दोन्ही बाजू मोडा. खाचेत मात्र कात्री लागतेच. पण रेघेच्या दोन धागे अलीकडे थांबा आणि तिथे तीन-चार टाके अगदी जवळ जवळ घाला. पुष्कळ ठिगळे या खाचेपासूनच सुटतात.

टाक्याचेही तसेच. शोभेच्या कामाला हेम चांगली: सुई घडीच्या कडेतून दोन धागे उचलून वर काढायची आणि लगेच शेजारी खालच्या कापडात उतरवायची. दोन टाक्यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर असावे. दोरा ठिगळाच्या रंगाचा घ्या, म्हणजे टाका लपतो. अंगावर घ्यायच्या गोधडीला मात्र कडेच्या किंचित आतून, सगळे थर धरून घातलेला धावदोराच बरा. तो ठिगळही धरतो आणि थरही धरतो. विकत घ्यायचेच तर बारीक सुई आणि टोकाला धार असलेली लहान कात्री घ्या. हातशिलाईच्या सुईचा नंबर जसा चढतो, तशी सुई बारीक होत जाते, हे दुकानात ध्यानात ठेवा.

कापड पाहून रीत निवडा. नवे सुती कापड आधी धुवा. ते आटते आणि रंगही सोडते. नायलॉन, पॉलिएस्टर यांच्या साडीवर नखाने घडी बसत नाही आणि तापलेली इस्त्री चालत नाही. तिथे कच्चा टाकाच घाला. शाळेत मुलांना शिकवायचे असेल तर शिक्षकांनी चौथ्या रीतीपासून सुरुवात करावी. वीज लागत नाही, भाजण्याची भीती नाही, आणि षटकोन मोजून काढताना भूमितीचा धडाही होतो.

शेवटी एक नाजूक गोष्ट. पुष्कळ घरांत गेलेल्या आईचे किंवा आजीचे लुगडे गोधडीत घालतात. हे कापड बाजारात पुन्हा मिळणार नाही, म्हणून त्यावर पहिला हात चालवू नका. चार बदाम दुसऱ्या कापडावर करून, ते चार वेळा धुऊन, मगच त्याला कात्री लावा. जुने कापड इस्त्रीने आणि कांजीने कडक झाले की घडीवर तुटते. त्याला सुईनेच मोडावे. त्याच्या पाठीला पातळ मलमल टाचून घ्यावी, आणि त्याला माया थोडी जास्त ठेवावी. घरात एखादी म्हातारी अजून शिवत असेल, तर तिच्याजवळ बसून तिचा डावा अंगठा पाहा. सुई धरणाऱ्या हाताकडे सगळेच पाहतात. पण कड धरून ठेवतो तो डावा अंगठा, आणि तो सराव पुस्तकात वाचून येत नाही.