समालोचकाचा पक्षपात आणि श्रोत्याचा पक्ष

इंग्लंडमधील लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड या दोन संघांचा सामना दूरचित्रवाणीवर चालू असताना एकच समालोचन दोन घरांत दोन प्रकारे ऐकले जाते. समालोचक मँचेस्टरची बाजू घेत आहे असे वाटून लिव्हरपूलचा पाठीराखा संतापतो. मँचेस्टरचा पाठीराखाही त्याच समालोचकावर संतापतो. कारणही तेच, फक्त संघांची नावे उलट. दोघांचाही रोष खरा असतो आणि दोघांजवळही आपापल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ उदाहरणे असतात. अशा प्रसंगी एक ठरीव उत्तर दिले जाते: दोन्ही बाजू तक्रार करीत आहेत, तेव्हा समालोचन बहुधा निःपक्षपातीच असले पाहिजे. हे उत्तर सोयीचे आहे खरे, परंतु तर्काच्या कसोटीस ते उतरत नाही. एका बाजूची तक्रार हा ज्याप्रमाणे पक्षपाताचा पुरावा होत नाही, त्याप्रमाणे दोन्ही बाजूंची तक्रार हा निःपक्षपातीपणाचाही पुरावा होत नाही. मग अशा तक्रारीवरून सिद्ध होते तरी काय? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर १९५४ पासून झालेल्या मानसशास्त्रीय प्रयोगांत सापडते.

धावत्या समालोचनाचा आरंभ झाला तेव्हा अशा तक्रारीस फारशी जागाच नव्हती. १५ जानेवारी १९२७ रोजी ट्विकनहॅम येथील इंग्लंड विरुद्ध वेल्स हा रग्बीचा सामना बी.बी.सी.ने नभोवाणीवरून ऐकविला. त्या वेळी समालोचक टेडी वेकलम यांच्यासमोर एक अंध गृहस्थ बसविण्यात आले होते. सामना जणू त्यांनाच सांगावयाचा आहे अशा रीतीने बोलावे, ही त्यामागची कल्पना. पुढच्याच आठवड्यात, २२ जानेवारी रोजी, हायबरी मैदानावरील आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड हा फुटबॉलचा सामना वेकलम यांनीच सांगितला. तो १-१ असा बरोबरीत सुटला. 'रेडिओ टाइम्स'मध्ये मैदानाची आकृती चौकोन पाडून छापली होती आणि चेंडू कोणत्या चौकोनात आहे हे दुसरा निवेदक मधूनमधून पुकारीत असे. येथे श्रोत्याची स्थिती त्या अंध गृहस्थांहून वेगळी नव्हती. सांगणाऱ्याच्या शब्दाशी ताडून पाहावे असे त्याच्यापाशी काहीच नव्हते.

दूरचित्रवाणीने ही स्थिती पालटली. २२ ऑगस्ट १९६४ रोजी बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर 'मॅच ऑफ द डे' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रथम दाखविलेला सामना लिव्हरपूलने आर्सेनलवर ३-२ असा जिंकला होता व समालोचक केनेथ वॉल्स्टनहोम हे होते. आता घरी बसलेला मनुष्य समालोचकाचे बोल ऐके आणि त्याच क्षणी खेळही पाही. 'आपल्या डोळ्यांनी पाहिले' हा आधार त्याला मिळाला आणि समालोचकावर खटला भरण्याचा अधिकारही त्याबरोबर मिळाला. परंतु हे डोळे कितपत विश्वासार्ह असतात, याची तपासणी अमेरिकेत त्यापूर्वीच होऊन गेली होती.

नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन व डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये अमेरिकन पद्धतीच्या, म्हणजे चेंडू हाती घेऊन धावण्याच्या, फुटबॉलचा सामना झाला. खेळ आडदांडपणाचा झाला. प्रिन्स्टनचा नामवंत खेळाडू डिक कॅझमायर याचे नाक मोडले. पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टनने सामना १३-० असा जिंकला आणि त्यानंतर दोन्ही विद्यापीठांच्या वृत्तपत्रांतून परस्परांवर आरोपांचा भडिमार सुरू झाला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ व हॅडली कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी या संधीचा लाभ घेतला. सामन्याची एकच चित्रफीत त्यांनी डार्टमथच्या ४८ व प्रिन्स्टनच्या ४९ विद्यार्थ्यांना दाखविली आणि दिसेल तो नियमभंग टिपून ठेवण्यास सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाकडून सरासरी ९.८ नियमभंग झालेले दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या संघाचे ४.३ च दिसले. प्रिन्स्टनच्या संघाविषयी मात्र दोन्ही गटांच्या मोजणीत जवळजवळ फरक नव्हता: ४.२ आणि ४.४.

हे आकडे १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आहेत. त्याच निबंधातील एक प्रसंग आकड्यांहूनही बोलका आहे. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या गावी दाखविण्यासाठी ही चित्रफीत मागविली. डार्टमथच्या दांडगाईच्या कहाण्या त्याने प्रिन्स्टनवाल्या मित्रांकडून ऐकल्या होत्या. चित्रफितीत त्याला त्यांतले काहीच आढळेना. तेव्हा महत्त्वाचा भाग कापला गेला असला पाहिजे असे समजून त्याने तार केली व उरलेला तुकडा विमानटपालाने पाठविण्याची विनंती केली. तुकडा कोणीही कापलेला नव्हता. मैदानावर घडलेली गोष्ट एकच असून ती वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी 'पाहिली' असे म्हणणेही हॅस्टॉर्फ व कॅन्ट्रिल यांना पुरेसे वाटले नाही. प्रत्येकाच्या दृष्टीने सामनाच वेगळा झाला, इतक्या टोकापर्यंत ते गेले. हे विधान अतिरेकी म्हणता येईल. मोडलेले नाक दोन्ही बाजूंना मोडलेलेच दिसत होते.

या प्रयोगावरून खेळाविषयीचा निर्णय उलगडतो. समालोचकाविषयीचा निर्णय मात्र अधिक गूढ होऊन बसतो. विद्यार्थी सामना आपल्या बाजूस ओढून पाहतात, तर मग समालोचनही त्यांनी आपल्या बाजूचेच म्हणून ऐकावयास हवे होते. घडते नेमके उलट. या वैचित्र्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास खेळाच्या नव्हे, राजकारणाच्या क्षेत्रात झाला. १९८२ साली बैरूत येथील निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झाले. त्यासंबंधीची अमेरिकन दूरचित्रवाणीवरील वार्तापत्रे रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस व मार्क लेपर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील १४४ विद्यार्थ्यांना दाखविली. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. इस्रायलसंबंधीचे ४२ टक्के उल्लेख अनुकूल व २६ टक्के प्रतिकूल होते, असे अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांनी सांगितले. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांच्या मते अनुकूल उल्लेख १६ टक्के आणि प्रतिकूल ५७ टक्के होते. वार्तापत्रे तीच होती. तटस्थ प्रेक्षकांचे मन ही वार्तापत्रे आपल्याविरुद्ध वळवितील अशी भीतीही दोन्ही गटांना वाटत होती. विशेष म्हणजे, ज्यांना विषयाची माहिती अधिक त्यांना पक्षपातही अधिक दिसला. 'आम्ही वर्षानुवर्षे हा खेळ पाहत आलो आहोत' असे सांगणाऱ्या पाठीराख्याच्या साक्षीचे वजन ठरविताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

हे असे का घडावे, याची तीन कारणे संभवतात. प्रतिकूल तेवढे स्मरणात राहते, हे एक. मजकूर सारखाच आठवतो पण न्यायाचा मापदंड भिन्न असतो, हे दुसरे. आणि एकच वाक्य एकाला प्रतिकूल तर दुसऱ्याला अनुकूल या सदरात पडते, हे तिसरे. जनुकीय बदल केलेल्या अन्नाच्या वादावर श्मिट, गंथर व लिबहार्ट यांनी केलेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिसऱ्या कारणास पुष्टी मिळाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात गंथर व श्मिट यांनी याहून मार्मिक गोष्ट दाखविली. तोच मजकूर वृत्तपत्रातील लेख म्हणून वाचावयास दिला तर पक्षाभिमानी वाचकांना तो विरोधी वाटे. एखाद्या विद्यार्थ्याचा निबंध म्हणून दिला की विरोधाचा तो भास नाहीसा होई. तेव्हा शब्द किती लोकांपर्यंत जाणार आहेत, या जाणिवेनेच कान तिखट होतो. शेजारी बसलेला मित्र समालोचकाचेच वाक्य बोलला तर ते गप्पांत जिरून जाते. लाखो घरांत जाणाऱ्या समालोचकाच्या तोंडी तेच वाक्य निकालपत्र बनते.

फुटबॉलच्या समालोचनात या वर्गीकरणाला वाव फार मोठा आहे. समजा, एका संघाने दोन-तृतीयांश वेळ चेंडू आपल्या ताब्यात ठेवला आहे. त्या संघाच्या खेळाडूंची नावे साहजिकच अधिक वेळा उच्चारली जातात आणि प्रतिपक्षाचा पाठीराखा म्हणतो, 'आमचा संघ मैदानावर आहे याची यांना दखल तरी आहे काय?' परंतु चेंडू ज्याच्यापाशी अधिक, त्याच्या हातून दवडलेल्या संधीही अधिक, आणि त्यांवरील टीकाही अधिक. तेव्हा वरचढ संघाचा पाठीराखाही कुरकुरतो की, 'आमच्या प्रत्येक चुकीचा पाढा वाचला जातो.' दोघांनी नोंदलेली वस्तुस्थिती खरी आहे. एकाने उल्लेख मोजले, दुसऱ्याने दोष मोजले. आणि समालोचकाची निष्ठा हे दोहोंचे कारण ठरविले. वस्तुतः कारण चेंडूच्या वाटणीत होते.

त्यात बोलणाऱ्याची ओळख मिसळली की संशयाला आधीच दिशा मिळते. लॉरा अर्पन व आर्थर रेनी यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचकांना त्यांच्या गावच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाविषयी एक समतोल वृत्तांत दिला. तो आपल्या गावच्या, प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या गावच्या किंवा तिसऱ्याच गावच्या वृत्तपत्रातला आहे असे भासविले. वृत्तपत्राचे नाव बदलताच मजकुराच्या प्रामाणिकपणाविषयीचे मतही बदलले. इंग्लंडमध्ये गॅरी नेव्हिल २०११ साली आणि जेमी कॅरागर २०१३ साली 'स्काय' वाहिनीवर विश्लेषक म्हणून आले. पहिल्याची सारी कारकीर्द मँचेस्टर युनायटेडमध्ये गेली, दुसऱ्याची लिव्हरपूलमध्ये. अशा माणसाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या वाक्यांचे अर्थ ठरून जातात. पण २४ एप्रिल २०१२ रोजी बार्सिलोनाच्या मैदानावर चेल्सीच्या फर्नांडो टोरेसने वाढीव वेळेत गोल केला, तेव्हा नेव्हिल यांच्या तोंडून जो लांबलचक, अनावर चीत्कार निघाला त्याचा उलगडा जुन्या निष्ठेने होत नाही. चेल्सी हा काही त्यांचा संघ नव्हे. आवाजाची पट्टी बहुधा प्रसंगाबरोबर चढते. गोल ज्यांच्यावर झाला त्यांना मात्र ती आनंदाची वाटते.

एवढ्यावरून पाठीराख्याची काळजी पोकळ आहे असे समजणे चूक ठरेल. समालोचनाने दृष्टी बदलते, यास प्रयोगाचा आधार आहे. कॉमिस्की, ब्रायंट व झिलमन यांनी १९७७ साली बर्फावरील हॉकीच्या चित्रफिती घेतल्या. साध्या खेळाच्या एका तुकड्यावर समालोचकाने दांडगाईचा गजर केला होता; खरोखर दांडगाई असलेल्या तुकड्यावर त्याने तिचा फारसा उच्चार केला नव्हता. समालोचनासह पाहणाऱ्यांना साधा खेळच अधिक दांडगा वाटला. तेव्हा समालोचकापाशी सामर्थ्य आहे. आणि त्या सामर्थ्यावर नियमांचा अंकुशही तोकडाच आहे. ब्रिटनमध्ये प्रसारणसंहितेतील निःपक्षपातीपणाची सक्ती वार्ता आणि राजकीय व औद्योगिक वादाचे विषय यांना लागू आहे. कोणत्या संघाने बरा खेळ केला हा त्यांतला विषय नव्हे.

पक्षपात उघड जाहीर केला तर तक्रार मिटेल काय? अमेरिकेत एप्रिल २०१४ मध्ये विद्यापीठीय बास्केटबॉलच्या उपांत्य सामन्यांच्या वेळी याची अनायासे परीक्षा झाली. एका वाहिनीवर तटस्थ समालोचन व इतर दोन वाहिन्यांवर एकेका संघाच्या बाजूचे समालोचन, अशी योजना होती. ही योजना ठाऊक नसलेले पुष्कळ प्रेक्षक चुकून प्रतिपक्षाच्या वाहिनीवर गेले आणि समालोचक पक्षपाती असल्याची त्यांनी जोरदार तक्रार केली. या एका वेळी तरी तक्रार अक्षरशः खरी होती.

खरा पक्षपात शोधावयाचा तर रोषाची नोंद पुरेशी नाही. वाक्ये मोजली पाहिजेत, आणि मोजण्यापूर्वी सदरे ठरविली पाहिजेत. 'रनरिपीट' या संस्थेने इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या सहकार्याने जून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी या दृष्टीने लक्षणीय आहे. २०१९-२० च्या हंगामातील इंग्लंड, स्पेन, इटली व फ्रान्स येथील ८० सामन्यांच्या इंग्रजी समालोचनातून ६४३ खेळाडूंविषयीची २,०७३ विधाने निवडण्यात आली व ती खेळाडूंच्या वर्णानुसार विभागली गेली. गटांची संख्या विषम असल्याने आकडे त्या प्रमाणात जुळवून घेतले. बुद्धीबद्दलच्या प्रशंसेपैकी ६२.६० टक्के उजळ वर्णाच्या खेळाडूंच्या वाट्यास आली. उलट, खेळाडूविषयी बोलताना शारीरिक बळाचा उल्लेख होण्याची शक्यता काळसर वर्णाच्या खेळाडूच्या बाबतीत ६.५९ पट होती. खेळाडूंच्या जागा, त्यांची शैली, भाषांतरित नव्हे तर मूळ इंग्रजी समालोचनच घेतल्याने येणारी मर्यादा, अशा अनेक बाजूंनी या पाहणीवर शंका घेता येतील व घेतल्याही पाहिजेत. परंतु हा कल कोणत्याही संघाच्या बाजूचा नाही. दोन्ही वर्णांचे खेळाडू दोन्ही संघांत असतात. संघवार बेरीज केली की तो दोन्हीकडे सारखाच वाटला जाऊन दिसेनासा होतो. 'आमच्या' व 'त्यांच्या' अशा दोनच सदरांत प्रत्येक वाक्य टाकणाऱ्या पाठीराख्याला तो ऐकू येण्याचा संभव नव्हता. आणि दोन्हीकडून सारख्याच तक्रारी येतात म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनाही तो ऐकू आला नसता.