आधी धडा, मग तेल!

उपग्रह उडाला की आपण टीव्हीसमोर टाळ्या वाजवतो. पण त्याआधी कॉम्प्युटरवर बसून कुणीतरी केलेल्या कामाला कोण टाळी देतं? त्या कामाची ओळख मला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने करून दिली. आणि मैत्रिणींनो, ते चक्क आपल्या वाणसामानातलं निघालं!

२८ सप्टेंबर २०१५ला इस्रोने ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ सोडला. त्यावरचं ‘सीझेडटीआय’ हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालं. पुण्याची ‘आयुका’ही त्यात होती. आकाशातून येणाऱ्या क्ष-किरणांचं ‘ध्रुवीकरण’ त्याने मोजता येणार होतं. ध्रुवीकरण म्हणजे काय? दोरी झटकली की लाट वर-खाली तरी हलते, नाहीतर आडवी. किरणांचंही तसंच. सगळ्या दिशा मिसळलेल्या असल्या तर ध्रुवीकरण नाही, एक दिशा वरचढ असली तर आहे. त्यावरून ताऱ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो.

या उपकरणात सुमारे अडीच मिलिमीटरचे १६,३८४ चौकोनी कप्पे आहेत. किरण एका कप्प्यात आपटून शेजारच्या कप्प्यात जातो. कुठल्या बाजूला जास्त गेले, ते मोजायचं. पण गंमत बघा, चौकोनाचे चार शेजारी कडेला लागून असतात, चार नुसते कोपऱ्याला. कडेच्यांना जास्त किरण मिळणारच! म्हणजे ध्रुवीकरण नसलं तरी ते असल्याचा भास होणार.

सुटं तेल घेताना आपण वाण्याला आधी रिकाम्या डब्याचा धडा करायला लावतो ना? शास्त्रज्ञांनी तेच केलं. ‘जिआंट-४’ या संगणकप्रणालीत उपकरणाची प्रतिकृती उभी केली आणि तिच्यावर ध्रुवीकरण नसलेले किरण सोडून पाहिले. उपकरणाचा स्वतःचा कल किती, ते कळलं. मग तो हिशेबातून काढता येतो. प्रयोगशाळेतही त्यांनी ताळा करून पाहिला. वर गेलेलं यंत्र दुरुस्तीला खाली थोडंच आणता येतं?

१०५४ साली चीनमध्ये लोकांनी आकाशात एक नवा ‘तारा’ पाहिला होता. तो होता एका ताऱ्याचा स्फोट. त्यातून उरलेल्या खेकडा तेजोमेघाचं मोजमाप २०१७मध्ये प्रसिद्ध झालं. ध्रुवीकरण निघालं सुमारे ३३ टक्के. आतला तारा सेकंदाला ३० वेळा गरगरतो. त्याचा झोत आपल्याकडे नसतानाही ध्रुवीकरण बदलत होतं. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं!

असा अनपेक्षित निकाल आला की जग पहिला प्रश्न विचारतं, ‘तुमचा तराजू बरोबर आहे ना?’ त्याचं उत्तर यांच्याकडे आधीपासूनच तयार होतं. माझी टाळी त्याला!