विंचवर नवी वायर चढविताना
ट्रकच्या विंचवर नवी वायर सैल गुंडाळली, तर पहिल्याच जड ओढीत वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात. वायर चेपते, तारा तुटतात. म्हणून आम्ही सुचवितो, की ड्रमची दिशा तपासूनच टोक पक्के करावे. पहिले 5 वेढे एकमेकांना चिकटून बसवावेत व ओढताना ते कधीही उलगडू नयेत. भार टोकाचा स्क्रू नव्हे, या वेढ्यांची पकड पेलते. उरलेली वायर ताणातच गुंडाळावी: हुक पट्ट्याने भक्कम आधाराला अडकवून गाडी हलक्या चढावर हळूहळू ओढून घ्यावी, चालकाने ब्रेकवर पाय ठेवावा. चामडी हातमोजे घालावेत. वेढे सरळ करायचे असतील तर आधी विंच थांबवावी. घाईत वाचलेली दहा मिनिटे कारागिराच्या बोटांहून मोलाची नाहीत.