जाड चामडे, हाताचे यंत्र आणि कर्जाचा हिशेब

दिल्लीहून उत्तरेकडे जाताना पानिपत लागते आणि शहरापासून काही किलोमीटरवर काला अंबचे स्मारक आहे. येथील आम्रवृक्ष रक्ताने काळा पडला अशी आख्यायिका आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंचे सैन्य याच परिसरात अहमदशाह अब्दालीच्या सैन्याशी लढले. या लढाईविषयी लिहिताना सेनापती, तोफा आणि उपासमार यांचा उल्लेख हमखास होतो. मात्र घोडदळाचे जीन, लगाम, रिकिबीचे पट्टे, पाण्याच्या पखाली ही सारी सामग्री जाड चामड्याची आणि हाताने शिवलेली होती, हे क्वचितच लक्षात येते. भरधाव घोड्यावर रिकिबीचा पट्टा उसवला तर स्वाराचा तोल त्या एका टाक्यावर जाई. मराठी मुलखात जीन घडविणाऱ्या कारागिरांना जीनगर हे नाव मिळाले ते याच कौशल्यामुळे.

हे कौशल्य आजही लागते. पिशव्या, कमरपट्टे, घोड्याचे साज, बुटांची दुरुस्ती अशा कामांत चामड्याचे दोन-तीन थर एकत्र शिवावे लागतात. अलीकडे काही हजार रुपयांत मिळणारे, हाताने चाक फिरवून चालविण्याचे यंत्र अनेक कारागीर विकत घेऊ लागले आहेत. त्यासाठी कर्ज मागण्यास ते बँकेतही येतात. हे यंत्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे कर्ज घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही समजून घेणे हिताचे आहे.

घरगुती यंत्र का चालत नाही?

घरातील शिलाई यंत्रात कापड पुढे सरकविण्याचे काम खालचे दाते करतात. वरचा प्रेसर फूट कापड केवळ दाबून धरतो. चामडे धातूला चिकटल्यासारखे अडते. त्यामुळे खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि टाके लहान-मोठे पडतात. शिवाय जाड थरातून सुई पार नेण्याइतकी ताकद त्या यंत्राच्या रचनेत नसते.

चामड्याच्या दुरुस्तीसाठी बनविलेल्या यंत्रात ही रचना उलट असते. येथे वरचा फूटच दात्यांनी चामडे पकडून पुढे नेतो. हा फूट चोहो दिशांना वळविता येतो, म्हणून शिवण वळविण्यासाठी वस्तू फिरवावी लागत नाही. यंत्राची भुजा लांब आणि अरुंद असल्याने तिच्यावर बूट किंवा पिशवी चढविता येते. सिंगर कंपनीची या जातीची यंत्रे विसाव्या शतकात जगभरच्या मोचीकामात प्रसिद्ध होती. आजची स्वस्त यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. चाक हाताने फिरत असल्याने वीज लागत नाही आणि प्रत्येक टाका नेमक्या जागी घालता येतो.

स्वस्त यंत्राची खरी किंमत

किंमत कमी ठेवण्यासाठी या यंत्रांच्या ओतीव भागांची अखेरची सफाई पुरेशी केलेली नसते. नवे यंत्र खोक्यातून काढून लगेच कामाला लावले तर धागा तुटतो, टाके सुटतात आणि घेणाऱ्याला ते सदोष वाटू लागते. वास्तविक त्याला आधी काही तास द्यावे लागतात.

पहिले काम स्वच्छतेचे. कारखान्यातील ग्रीस रॉकेलने पुसून सर्व सांध्यांना शिलाई यंत्राचे तेल द्यावे. दुसरे, धागा जेथून जातो त्या प्रत्येक छिद्रावर आणि कडेवर बोट फिरवून पाहावे. जेथे खरखर लागेल तेथे बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावे. तिसरे, सुई आणि शटलचा मेळ. सुई खाली जाऊन किंचित वर येताना धाग्याचा लहानसा फास तयार होतो. शटलचे टोक नेमक्या त्याच क्षणी त्या फासात शिरले पाहिजे. क्षणभर आधी किंवा नंतर पोहोचले तर टाका सुटतो. चाक अगदी सावकाश फिरवून ही वेळ डोळ्यांनी तपासावी.

धागा सुईच्या नाकातून अडखळल्याविना सरकला पाहिजे. धागा जाड तर सुईही तशीच हवी, आणि ती चामड्यासाठी बनविलेल्या धारदार टोकाची असावी. वरच्या व खालच्या धाग्यांची गाठ चामड्याच्या थरांच्या मध्यभागी बसली म्हणजे ताण बरोबर आहे. गाठ वर दिसली तर वरचा ताण कमी करावा, खाली दिसली तर वाढवावा. ही परीक्षा गिऱ्हाइकाच्या वस्तूवर करू नये. तेवढ्याच जाडीच्या कात्रणांवर करावी.

हाताला पर्याय नाही

यंत्राच्या आवाक्याबाहेरची जाडी असेल तर चाकावर जोर करू नये. सुई वाकते आणि शटलला इजा होते. अशा वेळी जुनीच युक्ती उपयोगी पडते. जोडाच्या कडा रापीने तासून पातळ कराव्यात, थर आधी चिकटवून घ्यावेत आणि गरज पडल्यास आरीने छिद्रे पाडून मग यंत्र चालवावे. कोपऱ्यावर सुई चामड्यातच ठेवून फूट उचलावा आणि दिशा बदलावी. शेवटी दोन-तीन टाके मागे घेऊन शिवण बंद करावी. फुटाच्या दात्यांचे व्रण मऊ चामड्यावर उमटतात, हेही ध्यानात ठेवावे.

हाताच्या आणि यंत्राच्या टाक्यात मूलभूत फरक आहे. जीनगराच्या पद्धतीत एकाच धाग्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया जातात. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. यंत्राच्या टाक्यात दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवू लागते. म्हणून जेथे जीव किंवा मोठा भार पट्ट्यावर अवलंबून आहे तेथे हातशिलाईच योग्य. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तिची परंपरागत ओळखही चामड्याच्या वादीने केलेल्या हातशिलाईत आहे. तिच्यासाठी हे यंत्र घेण्याचा सल्ला कोणी देऊ नये. पिशव्या, पाकिटे, दप्तरे आणि दुरुस्ती ही यंत्राची खरी कामे होत.

कर्ज किती घ्यावे?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे. पात्र कारागिराला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज मिळते. पहिला टप्पा १ लाख रुपयांपर्यंत, १८ महिन्यांसाठी असतो. महाराष्ट्रात संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळही या समाजघटकासाठी योजना राबविते.

आता हिशेब पाहू. १ लाख रुपयांवर १८ महिन्यांचा हप्ता सुमारे ५,७८० रुपये येतो. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर रोज २२२ रुपये केवळ हप्त्यासाठी बाजूला पडले पाहिजेत. कर्ज २०,००० रुपयांचे असेल तर हीच रक्कम रोज ४५ रुपयांच्या आत राहते. मंजुरी मिळते म्हणून पूर्ण रक्कम उचलणे शहाणपणाचे नाही. यंत्र, सुया, धागा आणि दोन महिन्यांचे चामडे यांची यादी करून तेवढेच कर्ज घ्यावे.

आमच्या सहकाऱ्यांनीही अर्ज पाहताना केवळ यंत्राचे दरपत्रक मागू नये. कोणती वस्तू शिवणार, तिचे गिऱ्हाईक कोण आणि यंत्र जुळविण्यास कोण शिकविणार, हे तीन प्रश्न विचारावेत. हप्ता थकतो तो बहुधा यंत्र कोपऱ्यात पडून राहिल्यामुळे, आणि ते पडून राहते ते सुरुवातीचे काही तास कोणी न दिल्यामुळे.