वाळवी, भुंगेरे व कूज : घरातील आणि परसातील लाकडाचे रक्षण

शेतकऱ्याच्या घरी लाकूड किती ठिकाणी कामास येते, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. आढे, तुळया, वासे, रिपा, दारांच्या चौकटी, गोठ्यातील गव्हाणी, दावणीचे खुंट, परसातील मांडव व कुंपणाचे खांब असा हा मोठा पसारा असतो. पूर्वी एखादा वासा किडला तर रानातून दुसरा आणता येत असे. आता तसे उरलेले नाही. लाकूड विकत घ्यावे लागते आणि त्याला मोठी किंमत मोजावी लागते. म्हणून असलेले लाकूड टिकविणे हे पैसा वाचविण्याइतकेच महत्त्वाचे काम होय.

गेल्या वर्षी वैशाखात आम्ही एका गावी गेलो असता, कौले परतण्यासाठी छपरावर चढलेल्या एका शेतकऱ्याचा पाय वाशासकट खाली आला. माळ्यावर पेंढा रचलेला होता म्हणून त्यास इजा झाली नाही. तुटलेला वासा वरून धडधाकट दिसत होता. आत मात्र मातीने भरलेल्या पातळ पापुद्र्यांखेरीज काही उरले नव्हते. भिंतीवर मातीची रेघ दोन वर्षांपासून दिसत होती व घरातील मंडळी ती दर सणाला केरसुणीने झाडून टाकीत होती. घराने सूचना दिली होती, परंतु ती कोणास वाचता आली नाही. ती वाचता यावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

शत्रू कोणता ते ओळखा

लाकडाचा नाश करणारे मुख्य शत्रू तीन आहेत. तिघांच्या खुणा निरनिराळ्या व उपायही निरनिराळे आहेत.

पहिला शत्रू वाळवी. हिचे बिऱ्हाड बहुधा जमिनीत असते. राणी, राजा, कामकरी व सैनिक असे तिचे मोठे कुटुंब असते व लाकूड पोखरण्याचे काम कामकरी करतात. त्यांचे अंग मऊ असून कोरड्या हवेत ते तग धरीत नाहीत. म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत मातीच्या नळ्या बांधून त्यांच्या आडोशाने ते ये-जा करतात. भिंतीवरील मातीची रेघ ही वाळवीची वाट होय. पहिल्या पावसानंतर सायंकाळी दिव्याभोवती पंख असलेली वाळवी जमते. ती बाहेरून आली असल्यास फारशी चिंता नको. परंतु भिंतीच्या किंवा चौकटीच्या भेगेतून ती निघताना दिसली, तर घराच्या पायाशीच बिऱ्हाड आहे असे समजावे.

दुसरा शत्रू लाकूड कोरणारे भुंगेरे. यांची मातीची वाट नसते. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसतात व खाली पिठासारखा भुसा पडतो. बांबू, आंबा, सावर यांसारख्या लाकडातील पिष्टावर त्यांची अळी जगते. सागाच्या गाभ्यास ते सहसा लागत नाहीत, परंतु सालीलगतचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी सोडीत नाहीत.

तिसरा शत्रू कूज. ही बुरशीमुळे होते. लाकूड तपकिरी किंवा पांढुरके, मऊ व हलके होते. चाकूचे टोक सहज आत जाते. बुरशीला ओल व हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली ठेवल्यास कूज लागत नाही. विहिरीत कायम बुडालेले लाकूड वर्षानुवर्षे टिकते आणि कुंपणाचा खांब मात्र नेमका जमिनीच्या पातळीशी मोडतो, याचे कारण हेच. तेथे ओल व हवा यांची गाठ पडते.

मातीशी व पाण्याशी संबंध तोडा

जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा केलेला असे. त्यामुळे जमिनीची ओल खांबात चढत नसे आणि वाळवी आलीच तर तिची वाट उघड्या दगडावर दिसत असे. हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे. खांब किंवा चौकट मातीत पुरू नये. जळाऊ लाकूड व कडबा भिंतीला टेकवून रचू नये. दगडांवर आडवी लाकडे टाकून भिंतीपासून हातभर दूर रचावा. फुटके कौल, गळकी पन्हळ, भिंतीलगत सोडलेले मोरीचे पाणी यांची दुरुस्ती आधी करावी. घर बांधताना पायात तोडलेल्या झाडाची मुळे, लाकडाचे तुकडे किंवा ढलप्या राहू देऊ नयेत, कारण वाळवीला ते आयते आमंत्रण ठरते.

वाळवीचा बंदोबस्त

मातीची वाट दिसताच ती केवळ झाडून स्वस्थ बसू नये. वाट मोडल्याने बिऱ्हाड मरत नाही. कामकरी दुसरी वाट बांधतात. प्रथम वाट कोठून निघते व कोठे जाते ते पाहावे. मार्गातील प्रत्येक लाकूड हातोडीने ठोकावे. भरीव लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते. भार पेलणारे लाकूड पोखरले असेल, तर औषधापूर्वी त्यास टेकू द्यावा.

नंतर भिंत व जमीन मिळतात त्या रेषेवर फरशीतून ३० सेंटिमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडावी, प्रत्येक भोकात सुमारे एक लिटर द्रावण जिरवावे व भोके सिमेंटने बुजवावी. द्रावणासाठी इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी हे औषध दर लिटर पाण्यात २.१ मिलिलिटर या प्रमाणात वापरतात. कोणतेही औषध घेताना वेष्टनावर इमारतीतील वाळवीसाठी त्याची शिफारस छापलेली आहे, याची खात्री करावी. विहीर, आड किंवा पिण्याच्या पाण्याची टाकी जवळ असेल तेथे औषध जिरवू नये. हे काम हातमोजे घालून व शक्यतो प्रशिक्षित माणसाकडून करवून घ्यावे.

काही घरांत बीएचसीच्या जुन्या भुकटीची आठवण अद्याप निघते. या औषधावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. आल्ड्रिन व क्लोरडेन ही औषधेही बंद झालेली आहेत. जुना साठा सापडल्यास तो वापरू नये, ओढ्यात टाकू नये किंवा जाळू नये. कृषि कार्यालयास कळवावे. मोटारीचे जळके तेल ओतण्याची प्रथाही सोडावी. त्याने जमीन व पाणी बिघडते.

बांबू व हलके लाकूड

बांबू पावसाळा संपल्यावर, पक्व झालेलेच तोडावे. कोवळ्या बांबूत पिष्ट व साखर अधिक असल्याने भुंगेरे लवकर लागतात. तोडलेले बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे. त्यामुळे विरघळणारे अन्नद्रव्य बरेचसे निघून जाते.

छपराखालील बांबूसाठी याहून खात्रीचा उपाय असा : २ किलो बोरिक आम्ल व ३ किलो टाकणखार १०० लिटर पाण्यात विरघळवावा. बांबूच्या पेरांतील पडदे सळईने आरपार भोसकून बांबू या द्रावणात आठवडा ते दहा दिवस पूर्ण बुडवून ठेवावे व सावलीत वाळवावे. हे क्षार पावसाने धुऊन जातात, म्हणून उघड्यावरील कामास हा उपाय चालत नाही. मुले व जनावरे हे पाणी तोंडी लावणार नाहीत अशी व्यवस्था ठेवावी.

कुंपणाचे खांब

खांबाचे टोक जाळून पुरण्याची चाल आहे. जळलेला थर पातळ असतो व त्यास भेगा पडतात. त्यामुळे फारसा लाभ होत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण शोधले व त्याने जगभर असंख्य खांब टिकविले. परंतु त्यात आर्सेनिक असल्याने असे लाकूड चुलीत कधीही जाळू नये आणि गव्हाणीस वापरू नये.

परसासाठी सर्वांत सोपा मार्ग जिवंत खांबांचा आहे. गिरिपुष्प, पांगारा किंवा शेवगा यांच्या जाड फांद्या पावसाळ्याच्या आरंभी लावल्यास त्या मूळ धरतात. जिवंत खांब कुजत नाही आणि गिरिपुष्पाचा पाला खतासही उपयोगी पडतो.

फुगणारी दारे

श्रावणात दार फुगून चौकटीत अडकते व घरधनी घाईने त्यावर रंधा मारवितो. पुढे उन्हाळ्यात तेच दार आकसून फटी पडतात. लाकूड हवेतील ओलाव्याने आडवे फुगते, लांबीत जवळजवळ वाढत नाही. म्हणून दार कोरड्या दिवसांत बेताचे तासावे व त्याच्या सर्व कडांना, विशेषतः खालच्या कडेस, तेल किंवा रंग द्यावा. कच्चे लाकूड सुतारास देऊ नये. फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून ती सावलीत रचावी व निदान एक उन्हाळा तरी वाळू द्यावी.

परसातील आंबा

आंब्याच्या खोडातून लाकडाचा भुसा पडत असेल किंवा डिंक वाहत असेल, तर आत भिरुड आहे असे समजावे. तिची अळी गाभ्यापर्यंत पोखरते व मोठी फांदी अकस्मात वाळते. छिद्र साफ करून तारेच्या आकड्याने अळी बाहेर काढावी, पेट्रोलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा आत बसवावा व छिद्र चिखलाने लिंपावे. त्या वेळी जवळ विडी वा विस्तव नसावा. वाळलेल्या फांद्या छाटून नष्ट कराव्या. छाटणीच्या जखमांस बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे. मलम लोखंडी भांड्यात करू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

कौले परतण्याचे दिवस ही या कामाची योग्य वेळ होय. चैत्र-वैशाखात प्रत्येक वाडीत एका घरी गावकऱ्यांना एकत्र करावे व हातोडी, चाकू आणि विजेरी एवढ्याच साहित्यानिशी ते घर तपासून दाखवावे. मातीची रेघ, पिठासारखा भुसा व मऊ पडलेले लाकूड या तीन खुणा घरातील स्त्रियांस व शाळकरी मुलांस अवश्य दाखवाव्या, कारण झाडलोट करताना त्या प्रथम त्यांनाच दिसतात. सापडलेली खूण त्याच दिवशी खडूने दिनांक घालून नोंदवावी व पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावी. भुसा नव्याने पडत नसेल तर कीड जुनी आहे. पडत असेल तर मृगापूर्वी उपाय पूर्ण करावा. पावसाचा भार छपरावर येण्याआधी कोणता वासा दुबळा आहे, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असले पाहिजे.