राजांची नगरी, ध्वजाची नगरी

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की आमच्या घरी शिवणयंत्र बाहेर निघते. आईचे वय आज त्र्याहत्तर आहे. तरीही निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी अशी पाच रंगांची कापडे आणून धम्मध्वज स्वतःच्या हाताने शिवायचा हा तिचा नेम सुटलेला नाही. शेवटच्या सहाव्या पट्टीत पाचही रंग आडवे जोडावे लागतात. त्याला हात बसावा लागतो. बाजारात तयार ध्वज मिळतो, पण तो ती घेत नाही. का घेत नाही, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

त्याचे उत्तर आम्हाला मिळाले ते घरापासून हजारो मैलांवर, व्हिएतनाममधील ह्वे नावाच्या राजनगरीत. ती एका दिवसाची हकिकत वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

ढगांचा घाट

यंदाच्या मार्च महिन्यात आम्ही दोघे, आई आणि नववीत शिकणारी आमची मुलगी असे चौघे व्हिएतनामला गेलो होतो. मुक्काम दा नांग या समुद्रकाठच्या शहरात होता. तेथून ह्वे सुमारे शंभर किलोमीटर. मोठ्या बसच्या सहली रोज निघतात, स्वस्तही असतात. पण आईचे गुडघे दुखतात आणि बसवाले कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून आम्ही दिवसभरासाठी चालकासह मोटार ठरवली. भाडे, टोल, पार्किंग आणि चालकाचे जेवण, सगळे आधीच बोलून घेतले.

सकाळी सात वाजता मोटार दारात उभी राहिली. चालक आमच्याच वयाचे. त्यांनी आम्हाला ‘आन्ह’ म्हणा असे सांगितले. आन्ह म्हणजे थोरला भाऊ, आपल्याकडे दादा म्हणतात तसे. आईला ते ‘बा’ म्हणू लागले. बा म्हणजे आजी. आईला हसू आवरेना. ‘‘आमच्या गावाकडं बा म्हणजे बाप रे,’’ ती म्हणाली. आणखी एक चूक त्यांनी सुधारली. इंग्रजी नकाशा पाहून आम्ही शहराला ‘ह्यू’ म्हणत होतो. ते म्हणाले, ‘‘ह्वे म्हणा, ह्वे.’’

वाटेत हाय वानचा घाट लागतो. हाय म्हणजे समुद्र आणि वान म्हणजे ढग. २००५ साली डोंगराखालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा झाला, तेव्हापासून बहुतेक मोटारी खालूनच जातात. आम्ही घाटाने चला म्हटले. वीस किलोमीटरचा हा रस्ता जवळजवळ पाचशे मीटर उंचीवर चढतो. आम्हाला खंडाळ्याची आठवण झाली, पण येथे दरीच्या जागी निळा समुद्र होता. माथ्यावर मिन्ह मांग राजाने १८२६ साली बांधलेला दगडी दरवाजा आहे आणि त्याच्याच शेजारी पुढच्या काळातल्या सैन्यांनी बांधलेल्या काँक्रीटच्या चौक्या आहेत. घाट उतरलो की लांग को येथे खाडीसारखे शांत पाणी दिसते. तेथे चहा घेतला.

राजाची समाधी आणि चुना कुटणारे हात

१८०२ ते १९४५ अशी १४३ वर्षे ह्वे ही न्गुएन घराण्याची राजधानी होती. या घराण्यात तेरा राजे झाले. त्यांतल्या अनेकांनी शहराबाहेरच्या टेकड्यांत आपल्या समाध्या बांधून घेतल्या. खाई दिन्ह राजाच्या समाधीला सव्वाशेच्या वर पायऱ्या आहेत, म्हणून आईसाठी आम्ही तू दुक राजाची समाधी निवडली. पाइनची झाडे, कमळांचे तळे, पाण्यावरचा लाकडी मंडप. हा राजा जिवंतपणीच येथे येऊन कविता करीत बसे.

जागा सुंदर आहे, पण तिची कहाणी सुंदर नाही. १८६४ साली काम सुरू झाले आणि हजारो सैनिक व मजूर त्यावर जुंपले गेले. हाल असह्य होऊन १८६६ साली त्यांनी बंड केले. हातात शस्त्रे नव्हती, म्हणून चुना कुटण्याची मुसळे घेऊनच ते राजवाड्यावर चालून गेले. व्हिएतनामच्या इतिहासात ते ‘चुन्याच्या मुसळांचे बंड’ याच नावाने नोंदले आहे. ते मोडले गेले. राजाने या जागेचे नाव आधी ‘दहा हजार वर्षे’ अशा अर्थाचे ठेवले होते. बंडानंतर ते बदलून ‘नम्रता’ अशा अर्थाचे ‘खिएम’ केले. आवारात सुमारे वीस टनांचा एक शिलालेख आहे. त्यावरचा मजकूर राजाने स्वतः लिहिला आणि त्यात आपल्या चुकाही मांडल्या.

आईने त्या शिळेला पूर्ण वळसा घातला. मग विचारले, ‘‘हा धोंडा ज्यांनी वाहून आणला, त्यांचं काही लिहिलंय का यात?’’ आम्हाला उत्तर देता आले नाही. चालकदादांना मुलीने प्रश्न समजावून सांगितला. त्यांनी नुसती मान हलवली.

जवळच तू हिएउ हा विहार आहे. जगभर ध्यानाचा प्रसार करणारे भदंत थिक न्हात हान्ह १९४२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, येथेच श्रामणेर झाले. युद्ध थांबवा म्हणत ते १९६६ साली परदेशी गेले आणि मग कित्येक वर्षे त्यांना मायदेशी येऊ दिले गेले नाही. २०१८ साली ते याच विहारात परत आले आणि २२ जानेवारी २०२२ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. आवारात कुणी मोठ्याने बोलत नव्हते. झाडूने पाने गोळा करणारे बाल श्रामणेर पाहून आमची मुलगीही गप्प झाली.

दुपारी जेवायला बसलो. ह्वेच्या जेवणात आपल्या माणसाला जड जाईल असे फारसे काही नाही. तिखटही भरपूर असते. ‘बान्ह बेओ’ म्हणजे वाटीएवढ्या ताटलीत वाफवलेले तांदळाचे पातळ घावन, वर कोळंबीचा चुरा. ‘कोम हेन’ म्हणजे नदीतल्या बारीक शिंपल्यांचा भात. पत्नीचे माहेर रत्नागिरीचे. ती म्हणाली, ‘‘ह्या तर आपल्या तिसऱ्यांच्या धाकट्या बहिणी.’’ येथील बौद्ध कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे शाकाहारी जेवणही चांगले मिळते. पाटीवर ‘चाय’ हा शब्द असेल तर ते शाकाहारी, पिण्याचा चहा नव्हे.

पाच दरवाजे

मग राजाचा किल्ला पाहिला. तटाचा घेर सुमारे दहा किलोमीटर आहे. आत दुसरा कोट आणि त्याच्या आत राजाचे खासगी महाल. १८३३ साली बांधलेल्या न्गो मोन या मुख्य दरवाजाला पाच वाटा आहेत. मधली फक्त राजाची, तिच्या दोन्ही बाजूंच्या दरबाऱ्यांच्या आणि अगदी कडेच्या दोन शिपाई, घोडे आणि हत्ती यांच्या. कुणी कोठून जायचे हे ठरवणारी व्यवस्था आपल्याला काही नवी नाही. ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा राजा बाओ दाय याने याच दरवाजावर उभे राहून राजपद सोडले. आज तिकीट काढले की कुणालाही आत जाता येते.

१९४७ च्या आणि १९६८ च्या लढायांत आतले बहुतेक महाल जमीनदोस्त झाले. काही ठिकाणी आज फक्त जोती आणि गवत आहे. १९९३ साली युनेस्कोने ह्वेची नोंद जागतिक वारशात केली. डागडुजी अजून चालू आहे. सिंहासनाचा थाय होआ महाल २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडला. आईसाठी बॅटरीवरची गाडी घेतली. मुलीला मात्र १८३५ ते १८३७ या काळात ओतलेले नऊ कांस्यकुंभ सर्वांत आवडले. त्यांवर देशातल्या नद्या, डोंगर, झाडे, प्राणी आणि होड्या कोरल्या आहेत. तिने वहीत चित्रे काढून घेतली.

निळी मोटार

चार वाजता आम्ही थिएन मु विहाराला पोहोचलो. ‘सुगंधी नदी’च्या काठावर एका टेकडीवर हा विहार १६०१ साली स्थापन झाला. सात मजल्यांचा अष्टकोनी स्तूप १८४४ सालचा, आणि १७१० साली ओतलेली घंटा दोन टनांहून जड. प्रवासी स्तूपाची छायाचित्रे घेतात आणि बरेच जण तेथूनच परततात. चालकदादा आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले.

तेथे एका उघड्या मंडपात जुनी निळी ऑस्टिन मोटार उभी आहे. ११ जून १९६३ रोजी भदंत थिक क्वांग दुक या मोटारीतून सायगावच्या एका चौकात उतरले, पद्मासन घालून बसले आणि त्यांनी अग्नी स्वीकारला. ज्वाळांत ते हलले नाहीत. ते छायाचित्र जगभर छापले गेले. दक्षिण व्हिएतनामच्या न्गो दिन्ह दिएम राजवटीकडे त्यांची मागणी एवढीच होती, की सर्व धर्मांना समान वागणूक द्या.

मुलीने आजीचा हात धरला. ‘‘आजी, त्यांना दुखलं नसेल का गं?’’

‘‘दुखलं असणारच, बाळा. भाजलं की सगळ्यांनाच दुखतं.’’

असा मार्ग कुणी धरावा असे आम्ही म्हणणार नाही. जीवन मोलाचे आहे आणि ते झिजवून लढणे हे अधिक कठीण काम आहे. पण त्या वृद्ध भिक्खूने दुसऱ्या कुणावर हात उचलला नाही, हेही विसरता येत नाही.

हे सारे कशावरून पेटले, असे आम्ही विचारले. चालकदादांनी मोटारीत बसल्यावर सांगितले, ‘‘झेंड्यावरून. इथंच, ह्वेमध्ये. दाखवतो चला.’’ दुसऱ्या समाधीसाठी राखलेला वेळ आमच्याजवळ होताच.

त्रांग तिएन पुलाजवळ, नदीकाठी, जुन्या आकाशवाणी केंद्राच्या ठिकाणी एक स्मारक आहे. ८ मे १९६३ हा वैशाख पौर्णिमेचा दिवस होता. त्याच्या आदल्या दिवशी सरकारने बौद्ध ध्वज लावण्यास मनाई केली. थोड्याच दिवसांपूर्वी याच शहरात दुसऱ्या धर्माचे ध्वज मोकळेपणी फडकले होते. रात्री लोक निःशस्त्र जमले. सैनिकांनी स्फोट आणि गोळीबार केला. किमान आठ जण मेले. त्यांत मुलेही होती. पुढे महिन्याभराने सायगावात थिक क्वांग दुक यांनी आत्मदहन केले आणि १ नोव्हेंबर १९६३ च्या उठावात ती राजवट कोसळली.

तो ध्वज म्हणजे आपलाच पंचरंगी ध्वज. १८८५ साली तो श्रीलंकेत प्रथम फडकला. १९५० च्या मे महिन्यात कोलंबोला जागतिक बौद्ध परिषद भरली, तिला परमपूज्य बाबासाहेब उपस्थित होते. त्याच परिषदेला व्हिएतनामचे भदंत थिक तो लिएन आले होते आणि तेथूनच त्यांनी हा ध्वज आपल्या देशी नेला.

आई स्मारकासमोरच्या कठड्यावर बसली आणि पहिल्यांदाच आम्हाला सांगू लागली. ती लग्न होऊन विदर्भातल्या आमच्या खेड्यात आली, त्या पहिल्याच बुद्ध पौर्णिमेला वस्तीच्या नाक्यावर ध्वज लावायला गावातल्या काही जणांनी हरकत घेतली. आजोबांनी तो घरावर लावला. रात्री कुणीतरी काठी मोडून कापड फाडून टाकले. विकतचा दुसरा आणायला घरात पैसे नव्हते. आईने पहाटे उठून आपल्या लुगड्याचे तुकडे आणि उसनी कापडे जोडून नवा शिवला आणि दिवस उगवायच्या आत तो घरावर लागला. चार वर्षांची असताना वडिलांच्या खांद्यावर बसून तिने १९५६ ची दीक्षाभूमी पाहिली होती. ‘‘तेव्हाचं काही आठवत नाही, नुसती पांढरी कापडं आठवतात,’’ ती म्हणाली. ‘‘पण तो ध्वज आठवतो.’’

तिने वाटेत घेतलेली फुले तेथे ठेवली. आम्ही त्रिशरण म्हटले. चालकदादा टोपी काढून मागे उभे होते. परतताना बोगद्यातून आलो. दीड-दोन तासांच्या वाटेत कुणी फारसे बोलले नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

भारतीयांना इ-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाचे पंचवीस डॉलर. ऑक्टोबर ते डिसेंबर ह्वेत धो धो पाऊस असतो. फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने बरे. मोटार ठरवताना घाटाने जायचे की बोगद्याने आणि कोणकोणती ठिकाणे पाहायची हे लिहून घ्यावे. किल्ल्याचे तिकीट आम्ही गेलो तेव्हा दोन लाख डोंग होते. आकडा ऐकून घाबरू नये, सुमारे सातशे रुपये होतात. विहारांत खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. समाध्या एकच पाहा, दोन कशाला? वाचलेल्या वेळात नदीकाठचे ते स्मारक पाहा. सहलीच्या यादीत ते बहुधा नसते. चालकाला सांगावे लागते.

यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला शिवणयंत्रावर आई बसली नाही, आमची मुलगी बसली. सहावी पट्टी जरा वाकडी गेली. ती उसवून पुन्हा शिवते म्हणाली, पण आईने उसवू दिली नाही. आमच्या दारावर तोच ध्वज लागला.