पोकळ गिटारला पिकअप कोणते? जोरदार नकोत, मोकळे हवेत

हे या भागाचं लेखी रूप. बोलताना मी मध्येमध्ये वाजवून दाखवलं होतं, ते इथे ऐकू येणार नाही. म्हणून त्या जागी आकडे आणि मापं जरा सविस्तर लिहिली आहेत.

आजचा विषय कोल्हापूरच्या एका श्रोत्यामुळे निघाला. ते ऑर्केस्ट्रात वाजवतात. जुनी, पूर्ण पोकळ इलेक्ट्रिक गिटार त्यांनी हौसेनं घेतली, पण स्टेजवर कॉर्ड वाजवला की सगळे सूर एकमेकांत कालवल्यासारखे येतात. शेवटी त्यांना सांगण्यात आलं की गिटार राहू द्या, कॉर्ड कीबोर्डवरच धरू. त्यांचा प्रश्न होता, "बाजारातला सगळ्यात ताकदवान पिकअप बसवू, की गिटार विकून टाकू?"

माझं उत्तर, दोन्ही नको. का, ते समजायला आधी पिकअप नक्की काय ऐकतो ते बघू.

पिकअपला लाकूड ऐकू येत नाही

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. बस्स. तो काही मायक्रोफोन नाही. लाकडाचा, एफ-होलमधून येणाऱ्या हवेचा आवाज त्याला थेट कळत नाही.

मग पोकळ गिटार वेगळी का वाजते? कारण तिची वरची फळी पातळ आणि हलकी असते. तार छेडली की ती फळी तारेची शक्ती भराभर ओढून घेते. त्यामुळे सुरुवातीला टपोरा ठोका येतो आणि सूर लवकर विरतो. शिवाय पिकअप त्याच हलणाऱ्या फळीवर बसवलेला असेल तर तोही थोडा हलतो. म्हणजे पोकळपणा तारेच्या वागण्यातून पिकअपपर्यंत पोचतो. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही, हे खरंच. पण आडात आहे तेवढं पोहऱ्यानं सांडू नये, एवढंच आपल्याला पिकअपकडून हवं असतं.

आता 'ताकदवान' पिकअप काय करतो ते बघा. वेढे वाढवले की सिग्नल वाढतो, पण त्याबरोबर इंडक्टन्सही वाढतो आणि वरच्या पट्टीतली चमक खाली येते. मोठा सिग्नल अ‍ॅम्पच्या पहिल्याच टप्प्यावर दाबला जातो, आणि तो टपोरा ठोका सपाट होतो. रॉकमध्ये सॉलिड बॉडीवर हे हवंच असतं. पोकळ गिटारवर मात्र ज्यासाठी पैसे मोजले तेच आपण पुसून टाकतो.

जुन्या गिटारी काय सांगतात

गिब्सनची ईएस-१५० आली १९३६ साली. चार्ली क्रिश्चननं तीच हातात घेऊन गिटारला सोलो वाद्य केलं. १९४९ मध्ये ईएस-१७५ आली, पी-९० नावाच्या सिंगल कॉइल पिकअपसह. सिंगल कॉइलला गुणगुण येते, म्हणून सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्यानं दोन उलट कॉइल जोडून हंबकर बनवला. १९५७ पासून तो गिटारींवर दिसू लागला. पेटंट अजून मिळायचं होतं, म्हणून खाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असं लेबल लावलेलं असायचं, आणि त्यावरूनच 'पीएएफ' हे नाव पडलं. त्याच सुमारास रे बट्स यांनी चेट अ‍ॅटकिन्ससाठी वेगळा हंबकर तयार केला. तो ग्रेचच्या गिटारींवर फिल्टर'ट्रॉन म्हणून आला.

आता मल्टिमीटर लावा. पीएएफ साधारण साडेसात ते साडेआठ किलोओहम दाखवतो. फिल्टर'ट्रॉन तर चारच्या आसपास. पी-९० सुद्धा आठच्या जवळपास. आजचे सिरॅमिक चुंबकाचे जोरदार हंबकर तेरा-चौदाच्या पुढे जातात. म्हणजे ज्या आवाजाच्या आपण प्रेमात असतो, तो आजच्या मानानं सौम्य पिकअपमधून आलेला आहे.

एक सावधगिरी. ओहमचा आकडा म्हणजे आवाजाची ताकद नव्हे. तारेची जाडी, चुंबक, कॉइलचा आकार, सगळ्यांवर ते ठरतं. पण एकाच जातीचे दोन हंबकर तोलताना हा आकडा कामाचा आहे.

आधी फुकटातले उपाय

तंबोऱ्याची जवारी लागलेली नसेल तर कोणी भोपळा बदलायला धावत नाही. इथेही तसंच. पिकअपच्या चांगल्या जोडीला स्वस्त गिटारच्या निम्म्या किमतीपर्यंत पैसे सहज जातात. तेव्हा आधी तीन गोष्टी करा.

पहिली, तारा. अकूस्टिककडून आलेली मंडळी पोकळ गिटार बघून सवयीनं ब्राँझच्या तारा लावतात. ब्राँझला चुंबक ओळखत नाही. आतली पोलादी तार तेवढी ऐकू येते, त्यामुळे वरच्या दोन साध्या तारा किंचाळतात आणि खालच्या दबतात. निकेलच्या तारा लावा. जॅझचा गोल सूर हवा असेल तर फ्लॅटवाउंड.

दुसरी, उंची. दोन्ही टोकांच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकअपच्या माथ्यापासून अंतर मोजा. नेक पिकअपला अडीच मिलिमीटर आणि ब्रिज पिकअपला दीड ते दोन मिलिमीटर, इथून सुरुवात करा. मग जाड तारांच्या बाजूनं पाव-पाव फेरा खाली न्या आणि ऐकत राहा. नेक पिकअपचा गढूळपणा बहुतेकदा इथेच निम्मा कमी होतो. नंतर पिकअपवरच्या स्क्रूंनी एकेक तार समपातळीत आणा.

तिसरी, व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट. हंबकरला सहसा ५०० किलोओहमचे पॉट लावतात. आत ३०० किंवा २५० चे असतील तर वरची चमक तिथेच गळते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पॉट आणि स्विचच्या पट्ट्या गंजतात, खरखर येते. त्याला काँटॅक्ट क्लीनरचे दोन फवारे पुरतात.

कोल्हापूरच्या मित्रांना मी आधी हेच करायला सांगितलं. तारा ब्राँझच्याच निघाल्या. त्या बदलल्या, नेक पिकअप दोन मिलिमीटर खाली गेला आणि कॉर्डमधले चार सूर वेगळे ओळखू येऊ लागले. ब्रिज पिकअप मात्र कोंदटच राहिला. म्हणजे तिथे खरोखर पिकअपचंच काम होतं.

शिट्टी की घुमणं?

"पिकअप बदलला की फीडबॅक जाईल ना?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. फीडबॅक दोन जातींचा असतो.

एक घुमणारा, खालच्या सुरातला. अ‍ॅम्पच्या आवाजानं गिटारची फळी हलते, फळी तारेला हलवते, तार पुन्हा अ‍ॅम्पला. हे चक्र पिकअप बदलून तुटत नाही. अ‍ॅम्पपासून बाजूला उभं राहा, बेस कमी करा, एफ-होलमध्ये फोमचा तुकडा बसवा. आवाज खूपच मोठा लागत असेल तर ईएस-३३५ सारखी मध्ये लाकडी ठोकळा असलेली गिटार घ्या. १९५८ मध्ये ती आली, तेव्हाही तो ठोकळा याच्यासाठी कामी आला.

दुसरी, कानठळ्या बसवणारी शिट्टी. यात पिकअपची कॉइल किंवा वरचं धातूचं झाकण स्वतःच थरथरतं. यावर उपाय म्हणजे कॉइल मेणात बुडवलेला, म्हणजे वॅक्स-पॉटेड पिकअप. मूळ पीएएफ मेणाविनाच असायचे आणि काहींना तो मोकळेपणा आवडतो. घरात, छोट्या हॉलमध्ये ते ठीक आहे. ढोलकी-ड्रमच्या शेजारी उभं राहायचं असेल तर मेणाचाच घ्या.

मी काय निवडलं

माझी गिटार सोळा इंच रुंद, लॅमिनेटेड मेपलची, ईएस-१७५ च्या घाटणीची. नेकचा मूळ पिकअप चौदा किलोओहम दाखवत होता, चुंबक सिरॅमिक. मी साडेसातचा घेतला, अल्निको २ चुंबकाचा, हलका मेण दिलेला. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेलं लोखंड. अल्निको २ थोडा मऊ, अल्निको ५ जास्त टणक आणि झळझळीत. म्हणून ब्रिजला ५ ठेवला.

मागवण्याआधी माप घ्या. हंबकर, फिल्टर'ट्रॉन आणि पी-९० यांची भोकं वेगवेगळी असतात. हंबकरच्या मापात बनवलेले फिल्टर'ट्रॉन आणि पी-९० मिळतात. फळी कापण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

बसवताना

पोकळ गिटारला मागे झाकण नसतं. सगळी वायरिंग एफ-होलमधून आतबाहेर करावी लागते, म्हणून लोक घाबरतात. हा क्रम ठेवा.

एक, ब्रिज तरंगता आहे का बघा. तो फक्त तारांच्या दाबावर उभा असतो. तारा काढण्याआधी त्याच्या चारी बाजूंना मास्किंग टेप लावून जागा पक्की करा, नाहीतर सूर जुळवायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दोन, पॉट चांगले असतील तर त्यांना हात लावू नका. जुन्या पिकअपची वायर पिकअपच्या भोकातूनच बाहेर ओढून कापा आणि नवी तिथेच जोडा. आतली तार आधी, तिच्यावर हीटश्रिंक, मग बाहेरची जाळी.

तीन, पॉट बदलायचेच असतील तर पुठ्ठ्यावर गिटारच्या भोकांचा नकाशा काढा आणि सगळं वायरिंग बाहेरच पुरं करा. फिश टँकची पातळ रबरी नळी प्रत्येक भोकातून आत सोडून एफ-होलमधून बाहेर काढा, पॉटच्या दांड्यावर घट्ट बसवा आणि हलकेच ओढून घ्या. पॉट आपापल्या भोकात येतो.

चार, टेलपीसकडे जाणारी अर्थची तार तुटू देऊ नका. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, ती या तारेमुळे.

पाच, तारा चढवण्याआधी तपासा. जॅकमध्ये केबल लावा, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना पिकअपच्या आकड्यापेक्षा किंचित कमी रीडिंग यायला हवं. मग अ‍ॅम्प लावून स्क्रूड्रायव्हरनं पिकअपवर हलकं टकटक करा. दोन्ही पिकअप एकत्र वाजवल्यावर आवाज पातळ, नाकातला आला तर ते उलट फेजमध्ये आहेत. नव्या पिकअपला चार वायरी असतील तर एका कॉइलजोडीची टोकं अदलाबदल करून काम होतं. जाळीची एकच वायर असेल तर तसं करू नका, कारण मग झाकणच सिग्नलला जोडलं जातं. ते काम दुरुस्तीवाल्याकडे द्या.

ऐकण्याची पद्धत

सौम्य पिकअप बसवल्यावर पहिला अनुभव असतो, "अरे, आवाज कमी झाला!" झालाच असतो. आपल्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. म्हणून काम सुरू करण्याआधी फोनवर एकच तुकडा रेकॉर्ड करून ठेवा, तारा आणि अ‍ॅम्पची बटणं तीच ठेवा. नंतर व्हॉल्यूम वाढवून दोन्ही रेकॉर्डिंगचा आवाज सारखा करा आणि मगच तुलना करा. माझ्या गिटारवर हे केलं तेव्हा नवव्या सुराचा कॉर्ड पहिल्यांदा पूर्ण ऐकू आला. मधला सूर आधी गायब होता. बोटाच्या दाबातला फरकही कळायला लागला. हळू वाजवलं की आवाज गोल, जोरात वाजवलं की जरा खरखरीत. पूर्वी दोन्ही सारखेच यायचे.

जुने पिकअप फेकू नका. पुडीत बांधून नाव लिहून ठेवा. गिटार कधी विकायची झाली तर मूळ भागांसह तिला बरी किंमत येते.

पुढच्या भागात फ्लॅटवाउंड तारा आणि त्यांच्यासाठी नेकचं सेटिंग, यावर बोलू. तुमच्या पिकअपचं रीडिंग आणि तारांचं माप कळवा, त्यातल्या दोन-तीन गिटारींबद्दल तिथेच बोलता येईल. तोवर वाजवत राहा.